गावाला जाताना घर कोणाच्या भरवशावर? अलार्म घेण्याआधी हे वाचा

शाळेला मे महिन्याची सुटी लागली की मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याणचा दूधनाका, बाजारपेठ या भागांतल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. कोणी रत्नागिरीला, कोणी महाडला, कोणी मराठवाड्यात, कोणी थेट उत्तर प्रदेशातल्या गावी. लग्नेही याच दिवसांत. आणि याच दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ते ठरलेले वाक्य येते: बंद घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी सोन्याचे दागिने व रोख रक्कम लंपास केली. वाक्य इतके सवयीचे झाले आहे की आपण लगेच पुढच्या बातमीकडे वळतो. ज्याच्या घरचे गेले, त्याचे काय होते ते त्यालाच ठाऊक. मुलीच्या लग्नासाठी तोळा-तोळा जमवलेले सोने, भिशीचे पैसे, हजसाठी बाजूला काढलेली रक्कम, आणि कधी कधी शेजारणीने "तुमच्याकडे असू द्या" म्हणून ठेवलेली अमानत. स्वतःचे गेले तर माणूस सबर करतो. दुसऱ्याची अमानत गेली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

पालकसभा संपल्यावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "टीचर, तो अलार्म लावलेला बरा का? की कॅमेरा पुरतो? दुकानदार तर मोठे पॅकेज सांगतोय." मी विज्ञान शिकवते, अलार्म विकत नाही. म्हणूनच कदाचित विचारत असतील. त्या सगळ्यांना एकदम सांगावे म्हणून हे लिहिते आहे.

आधी दार, मग अलार्म

अलार्मवाला घरी येण्याआधी स्वतःच्या दाराकडे एकदा चोराच्या नजरेने बघा. बाहेर लटकणारे भारी कुलूप, पण ज्या कोयंड्यात ते अडकवले आहे तो चार छोट्या स्क्रूंवर उभा. चोर कुलूप उघडायच्या भानगडीत पडत नाही. पहार घालतो, कोयंडा उपटतो, दोन मिनिटांत काम. कडी-कोयंडा तोडला असे बातमीत म्हणूनच असते, कुलूप तोडले असे क्वचित. बाहेरचे लटकते कुलूप आणखी एक गोष्ट करते. घरात कोणी नाही, हे ते सगळ्या जिन्याला ओरडून सांगते. दाराच्या आत बसवलेले लॅच किंवा मोर्टिस लॉक असेल तर बाहेरून काही कळत नाही. अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ मध्ये मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली, तेव्हापासून या शहरात चांगल्या कुलपाची कमतरता नाही. कमतरता आहे ती चौकट मजबूत करण्याची. सुताराला बोलावून चौकटीत लांब स्क्रू मारून घ्या, बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर लावा. हा खर्च कोणत्याही अलार्मपेक्षा आधीचा.

मग खिडक्या. आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांत दोन इमारतींमध्ये हाताचे अंतर असते. पहिल्या मजल्याखाली दुकानाचा पत्रा असतो आणि मागच्या डक्टमध्ये पाण्याचे पाइप, शिडीसारखे. संडास-बाथरूमची छोटी खिडकी काचेच्या पट्ट्यांची असते, त्या पट्ट्या एकेक करून काढता येतात. तिथे ग्रील हवीच. पण घरातल्या सगळ्या ग्रिली पक्क्या वेल्ड करून घराचा पिंजरा करू नका. आग लागली तर बाहेर पडायला एका तरी ग्रिलीला आतून उघडणारे दार असावे, आणि त्याची चावी कुठे टांगली आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असावे.

कॅमेरा बघतो, अलार्म ओरडतो

लोक दोन्ही एकच समजतात, आणि दुकानदारही फारसा फरक करून सांगत नाही. कॅमेरा झाले ते साठवून ठेवतो. नंतर पोलिसांना दाखवायला त्याचा उपयोग होतो. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाचे उत्तम चित्रण मिळते, दागिने मात्र गेलेले असतात. अलार्मचे काम वेगळे. दार उघडले, कोणी आत आले, की त्याच क्षणी आवाज करायचा आणि तुम्हाला कळवायचे. चोराला सगळ्यात जास्त भीती वेळेची आणि आवाजाची असते. दोन्हीपैकी एकच परवडत असेल तर माझे मत अलार्मच्या बाजूने आहे. कारण पुढे सांगते.

आतली रचना नववी-दहावीच्या मुलांनाही समजेल अशी आहे. दाराच्या पाल्यावर एक लहान लोहचुंबक आणि चौकटीवर एक डबी. डबीत काचेची बारीक नळी असते आणि तिच्यात लोखंडाच्या दोन नाजूक पट्ट्या. चुंबक जवळ असले की पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दार उघडून चुंबक लांब गेले की सुटतात. झाला इशारा. दुसरा सेन्सर खोलीच्या कोपऱ्यात वर लावतात, त्याला पीआयआर म्हणतात. माणसाच्या अंगातून उष्णतेचे न दिसणारे किरण बाहेर पडतात. खोलीत अशी उष्णता हलली की त्याला कळते. तो चित्र घेत नाही, आवाज ऐकत नाही, तुमच्या घरात कोण काय घालून बसले आहे याचा त्याला पत्ता नसतो. हे सगळे सेन्सर एका मुख्य डबीला, म्हणजे पॅनेलला कळवतात. पॅनेल भोंगा वाजवते आणि तुमच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवते.

पाऊस आणि पाली या आपल्याकडच्या दोन अडचणी कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात. जुलैमध्ये लाकडी दार फुगते, नीट बसत नाही, चुंबक आणि डबीतले अंतर वाढते आणि दार बंद असूनही पॅनेल म्हणते उघडे आहे. बसवताना मिस्त्रीला हे सांगा आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा तपासून घ्या. पीआयआरच्या भिंगावर पाल बसली तर तिची हालचाल त्याला माणसाएवढी वाटू शकते. खिडकीतून येणारे ऊन, उघड्या खिडकीतून शिरणारे मांजर, चालू पंख्याने हलणारा पडदा, यांनीही खोटा अलार्म होतो. म्हणून सेन्सर खिडकीसमोर नको, स्वयंपाकघराच्या तोंडावर नको. खोट्या अलार्मला हसण्यावारी नेऊ नका. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट दुसरीतल्या मुलांनाही माहीत असते. महिन्यात चार वेळा भोंगा विनाकारण वाजला की पाचव्या वेळी शेजारी कूस बदलून झोपतात.

भोंग्याचा आवाजही बेताने. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, भोंगा त्याच्या कितीतरी वर असतो. घरफोडीच्या वेळी कोणी डेसिबल मोजत बसणार नाही हे खरे. पण तुम्ही गावाला आणि इथे भोंगा रात्रभर कोकलतोय, असे झाले तर सोसायटीतले संबंध कायमचे बिघडतील. तीन-चार मिनिटांत आपोआप बंद होऊन पुन्हा सज्ज होणारा भोंगा मागा. बहुतेक पॅनेलमध्ये ही सोय असते, फक्त लावून द्यावी लागते.

वीज, सिम आणि वायफाय

पॅकेज विकणारा मोबाइलवर ॲप उघडून दाखवतो, आपण खूश. त्याला शांतपणे तीन गोष्टी विचारा.

वीज गेली तर? कल्याण-डोंबिवलीत महावितरण आहे, शीळ-मुंब्रा-कळवा भागात १ मार्च २०२० पासून टोरेंट पॉवर. वीज कोणाचीही असो, पावसाळ्यात ती जाते. आणि चोर खाली जाऊन मीटरचा स्विच पाडू शकतो. पॅनेलमध्ये स्वतःची बॅटरी हवी आणि ती किती तास चालते ते लेखी हवे. बॅटरी आपल्याकडच्या उकाड्यात साधारण दोन-तीन वर्षांत दम तोडते, ती बदलण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारा. वायफायवर चालणारा अलार्म असेल तर नुसत्या पॅनेलच्या बॅटरीने भागत नाही. राउटर बंद पडला की फोनवर निरोप येणारच नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो सोबतच घ्या.

सिम कोणते? स्वस्त जीएसएम पॅनेलपैकी अनेक फक्त टूजीवर चालतात. जिओचे टूजी नेटवर्कच नाही. त्यात जिओचे सिम घातले तर पॅनेल दगडासारखे गप्प बसते. अशी तक्रार मी दोन पालकांकडून ऐकली. दुकानदार म्हणत होता सिम खराब आहे! नवीन घेताना फोरजी पॅनेलच घ्या. आणि त्या सिमचे रिचार्ज ही घरातल्या एका माणसाची जबाबदारी ठरवा, वीजबिलासारखी. अलार्म आहे, बॅटरी आहे, सिमची मुदत गेल्या महिन्यात संपलेली, असली घरे बरीच आहेत.

फोन कोणाकोणाला जाईल? पॅनेलमध्ये पाच-सहा नंबर भरता येतात. त्यात घरातल्या चौघांचेच नंबर भरले आणि चौघेही गावाला लग्नात असले, तर उपयोग शून्य. एक नंबर त्याच इमारतीतल्या किंवा मोहल्ल्यातल्या भरवशाच्या माणसाचा हवा. त्याला आधी विचारून, समजावून. आत शिरू नको, खालून आवाज दे, चार माणसे गोळा कर आणि ११२ ला फोन कर, एवढेच त्याला सांगायचे.

इथेच एक मोठा गैरसमज सांगते. अलार्म वाजला की पोलिस ठाण्यात दिवा लागतो आणि गाडी निघते, असे काही विक्रेते बोलण्याच्या ओघात सुचवतात. घरगुती अलार्मचा फोन तुम्हाला येतो, फार तर कंपनीच्या कंट्रोल रूमला. तिथून कोणीतरी माणसाने ११२ ला कळवावे लागते. कंपनीची कंट्रोल रूम असेल तर ती खरोखर चोवीस तास चालते का, हे तपासायला साधा उपाय आहे. करार करण्याआधी रात्री अडीच वाजता तिथे फोन लावून बघा. रमजानमध्ये तर आपण सहरीला उठलेलेच असतो.

आखातात असलेल्या भावाने येताना सेट आणून दिला, असेही पुष्कळ घरांत आहे. प्रेमाने आणलेल्या वस्तूला नाही कसे म्हणायचे! पण त्याची वॉरंटी इथे चालेलच असे नाही, प्लग तीन चौकोनी दात्यांचा असतो आणि बिनतारी सेन्सरच्या फ्रिक्वेन्सीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. घरभर लावण्याआधी इथल्या जाणकाराला दाखवा.

सेट घेतच आहात तर गॅसगळतीचा सेन्सरही जोडून घ्या, चोरीपेक्षा तो जास्त कामाला येईल. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा. महानगर गॅसची पाइपलाइन आली असेल तर उलटे. तो गॅस हलका, वर जातो, सेन्सर छताजवळ. सिलिंडरवरून पाइपगॅसवर गेलेल्या घरांत सेन्सर जुन्याच जागी राहतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

चावी आणि कोड कोणाकडे?

जुलै २०२२ मध्ये डोंबिवलीत, मानपाडा भागातल्या आयसीआयसीआय बँकेच्या शाखेतून सुमारे १२ कोटी रुपये चोरीला गेले. बँकेत अलार्म होता, कॅमेरे होते, तिजोरी होती. पोलिसांच्या तपासात मुख्य आरोपी निघाला तो तिजोरीच्या चाव्या सांभाळणारा बँकेचाच कर्मचारी. अलार्म आधीच बंद केलेला आणि कॅमेऱ्यांच्या चित्रणातही फेरफार केलेला, असे तपासात समोर आले. मोठ्या बँकेची व्यवस्था आतल्या माणसापुढे गप्प बसते, तर आपल्या दोन खोल्यांचे काय!

घरी येणाऱ्या प्रत्येकावर शक घ्या, असे मी म्हणत नाही. घरकामाच्या बाईवर पहिला संशय घेण्याची आपली जी घाण सवय आहे, ती तर मला मुळीच मान्य नाही. मुद्दा कोडचा आहे. पॅनेलला दोन कोड असतात. एक तुमचा, रोजचा. दुसरा बसवणाऱ्याचा, म्हणजे इंजिनिअर कोड, ज्याने आतली सगळी रचना बदलता येते. कारखान्यातून आलेला हा दुसरा कोड बहुतेक वेळा १२३४ किंवा तसलाच काहीतरी असतो आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. बसवून झाल्यावर तंत्रज्ञासमोरच दोन्ही बदला आणि नवे कोड त्याला सांगू नका. कंपनी इंजिनिअर कोड द्यायला नकार देत असेल तर त्याचा अर्थ समजून घ्या. उद्या सेवा पटली नाही तर दुसरा कोणीही त्या पॅनेलला हात लावू शकणार नाही. पैसे तुमचे, डबी तुमच्या भिंतीवर, मालकी त्यांची. ही गोष्ट खरेदीआधी विचारायची, नंतर नाही.

घरातल्या आजी-आजोबांना, दादी-नानींना कोड पाठ होत नसेल तर छोटा रिमोट घ्या. त्यांच्या खाटेजवळ पॅनिक बटण लावा. ज्या घरात कर्ता पुरुष आखातात आणि इथे बाई मुलांसह एकटी, तिथे हे बटण सगळ्या सेन्सरांपेक्षा मोलाचे. गंमत म्हणजे घरगुती सुरक्षा व्यवस्थेच्या इतिहासात अशाच एका बाईचे नाव आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही कृष्णवर्णीय नर्स. तिच्या आणि पतीच्या ड्युटीच्या वेळा अवेळी, त्यामुळे रात्री घरी एकटीने राहायची वेळ येई. त्या वस्तीत पोलिस हाकेला लवकर येत नसत. तिने पतीच्या मदतीने दाराच्या छिद्रांतून बाहेर बघणारा कॅमेरा, आतल्या खोलीत पडदा आणि मदतीसाठी दाबायचे बटण अशी रचना केली, १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये पेटंट मिळवले.

घराच्या आत कॅमेरा? माझे उत्तर नाही

कॅमेऱ्यापेक्षा अलार्म बरा, असे वर म्हटले त्याचे कारण हे. दाराबाहेर, जिन्याकडे तोंड करून कॅमेरा जरूर लावा. तोही शेजाऱ्याच्या दारात डोकावणार नाही असा, आणि सामायिक जागेत असेल तर सोसायटीला विचारून. पण हॉलमध्ये, बेडरूममध्ये कॅमेरा कशाला? घरात बाया-मुली मोकळेपणाने वावरतात. ओढणी कुठे, केस कुठे, हा हिशेब घराच्या आतही ठेवायचा का? आणि ते चित्रण फक्त तुमच्या फोनवर दिसते, या भ्रमात राहू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या सीसीटीव्हीचे, महिलांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. कारखान्यातून आलेला सोपा पासवर्ड न बदलणे, हे अशा चोरीचे सगळ्यात सोपे दार आहे. दवाखान्याचे असे होते, तर हॉलमधल्या स्वस्त कॅमेऱ्याचे का होणार नाही? बाईचे खासगी क्षण तिच्या नकळत टिपणे किंवा पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पण गुन्हा नोंदवून पसरलेली क्लिप परत येत नाही. दाराचा चुंबक आणि कोपऱ्यातला पीआयआर, दोघेही आंधळे आहेत. घराच्या आत मला असा आंधळा पहारेकरीच पसंत आहे.

बाहेरचा कॅमेरा घेताना एक गोष्ट बघा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्यांसह बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. कॅमेऱ्यावर 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. कपाटाखालून काढलेला 'सेम टू सेम' माल स्वस्त का आहे, ते तिथेच उमजेल.

करार, हप्ता आणि गोड बोलणे

इमारतीत चोरी झाली की तिसऱ्या दिवशी गळ्यात आयकार्ड घातलेला विक्रेता जिन्यात उभा असतो. "मॅडम, वरच्यांनी घेतले, समोरच्यांनी घेतले, आज घेतले तर सेन्सर फुकट." भीती ताजी असते, हात खिशात जातो. आज नाही घेतले तर उद्या महाग, असे म्हणणाऱ्याला उद्याच यायला सांगा. "पोलिसमान्य कंपनी" म्हणणाऱ्याला तो कागद दाखवायला सांगा. कंपनी पहारेकरीही पुरवत असेल तर २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखाली तिला परवाना लागतो आणि तो कार्यालयात दिसेल असा लावावा लागतो. सोसायटीला फक्त वॉचमन हवा असेल तर बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आहे, तिथून नोंदणीकृत रक्षक मिळतात.

शक्यतो असा दुकानदार निवडा ज्याचे दुकान ठाणे-कल्याण पट्ट्यातच आहे आणि ज्याने दोन वर्षांपूर्वी बसवलेली दोन घरे तो दाखवू शकतो. नवीन घरे दाखवेल, ती नकोत. नव्या घरात सगळेच चालते. त्या दोन घरी जाऊन बायकांशी बोला, पुरुषांशी नव्हे. बिघाड झाल्यावर तंत्रज्ञ किती दिवसांनी आला, हे घरातल्या बाईलाच आठवते.

बिल पक्के घ्या. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मालाची वॉरंटी हवेत असते. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर, वॉरंटीची मुदत. करारात हे शोधा: वस्तू विकत दिली आहे की भाड्याने, किमान किती महिने बांधील राहायचे, मध्येच बंद केले तर किती भरायचे, दुसऱ्या वर्षी देखभालीचा दर किती वाढेल, बिघाड कळवल्यावर किती तासांत माणूस येईल. आमच्या इमारतीत एका कंपनीने पहिल्या वर्षाचे देखभाल शुल्क माफ केले आणि दुसऱ्या वर्षाचे चौघांच्या खात्यातून परस्पर वळते झाले. करारातल्या बारीक अक्षरांत तशी संमती होती. महिन्याचा हप्ता कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप जाणार असेल तर प्रत्येक वेळी पैसे कापण्याआधी २४ तास सूचना यावी लागते आणि ती परवानगी तुम्ही बँकेच्या ॲपमधून रद्द करू शकता. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. काही रक्कम आठवडाभर चालवून बघितल्यावर द्यायची, हे आधीच ठरवा. भाड्याच्या किंवा हेवी डिपॉझिटच्या घरात असाल तर भिंती फोडून वायरी टाकू नका. चिकटवायचे बिनतारी सेन्सर घ्या, घर बदलताना सोबत नेता येतात.

आणि सोन्यासाठी अलार्म घेत असाल तर एकदा लॉकरचा विचार करा. लॉकर ही भाड्याची जागा आहे, त्यात व्याजाचा संबंध नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ च्या निकालानंतर रिझर्व्ह बँकेने नियम बदलले. १ जानेवारी २०२२ पासून चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत आहे. भाडे ३,००० रुपये असेल तर ३ लाख. आजच्या सोन्याच्या भावात ही रक्कम फार नाही, म्हणून सगळे एकाच ठिकाणी नको. तरी लाकडी कपाटापेक्षा बरे.

तरीही चोरी झालीच तर

परत आलात आणि दार उघडे दिसले तर आत जाऊ नका. चोर अजून आत असू शकतो. ११२ ला फोन करा आणि पोलिस येईपर्यंत कपाटाला, कड्यांना हात लावू नका. बायका पहिल्यांदा आवरायला घेतात, सांडलेले कपडे घडी करतात. समजू शकते, घर असे बघवत नाही. पण ठसे तिथेच असतात.

पोलिस ठाण्याची पायरी चढायला आपल्याकडे पुष्कळ लोक कचरतात. "आपल्याला कोण विचारणार, उलट आपल्यालाच प्रश्न विचारतील" म्हणून गप्प बसतात. पण घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे, राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलिसांना तुमची माहिती नोंदवावीच लागते, हद्द कोणाचीही असो, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार ठाणे आयुक्तालयाच्या त्या परिमंडळाच्या उपायुक्तांकडे पाठवता येते. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या असतील तर काम सोपे होते. सुटीला निघण्याआधी दागिन्यांचे फोटो काढून दुसऱ्या शहरातल्या बहिणीला पाठवून ठेवा.

आणि अलार्म वाजलाच नाही, कंपनीने फोन उचलला नाही, बिघडलेले पॅनेल बदलून देत नाहीत, तर तो वेगळा मामला. बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत न घेणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचे कार्यालय दिल्लीला असले तरी तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. सोबत बिल, करार, फोनवरच्या तक्रारींचे क्रमांक आणि तंत्रज्ञाशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण जोडा. ते संभाषण डिलीट करू नका, मुलांच्या हातात फोन देतानाही नाही.